मुरलेले दिवस

समुद्रावरून वारा सुटला की शातबी भागातल्या त्या जुन्या इस्पितळाच्या खिडक्या दिवसभर खडखडत. तळमजल्यावरच्या एका खोलीत डॉक्टर सुहैर रोज सकाळी वगीहकाकांसमोर खुर्ची ओढून बसे आणि आपली ओळख करून देई.

"मी सुहैर. तुमची डॉक्टर."

"बाई डॉक्टर! नशीब उघडलं म्हणायचं," काका रोज तितक्याच आनंदानं म्हणत.

वगीहकाकांनी उभी हयात अलेक्झांड्रियाच्या रस्त्यांवर ट्राम चालवली होती. मेंदूज्वरातून ते वाचले, पण काहीतरी आतच ठेवून आले. जुनं सगळं शाबूत होतं. रमलच्या मार्गावरची स्थानकं तोंडपाठ होती, मेलेल्या बायकोचा लग्नातला झगाही डोळ्यांपुढे होता. नवं मात्र टिकत नसे. नाश्त्याची थाळी उचलली की नाश्ता झालाच नव्हता.

शिकाऊ डॉक्टरांना सुहैर सोप्या शब्दांत सांगे. दिवसभरात घडलेलं आधी मेंदूच्या तळाशी, समुद्रघोड्यासारख्या वळलेल्या एका चिमुकल्या भागात उतरतं. झोपेत तो भाग ते पुन्हा पुन्हा घोकतो, वरच्या थरांना ऐकवतो आणि मग आठवण लोणच्यासारखी मुरते. काकांचा तो भाग तापानं खाल्ला होता. त्यांचा दिवस मुरण्याआधीच निथळून जाई.

दुपारी काका खुर्चीतच डुलकी काढत. हिवाळ्याचं पिवळं ऊन, खिडकीची खडखड आणि त्यांचा संथ श्वास. शेजारी बसलेल्या सुहैरचाही डोळा लागे. पन्नाशीला आलेली बाई, घरी रात्री झोप नीट येत नसे.

अशाच एका दुपारी जागे होत काका म्हणाले, "मसुराचं सार करपलं ना तुमचं?"

"कुठलं सार?"

"कालचं. तुम्ही रेडिओ ऐकत खिडकीत उभ्या राहिलात."

सुहैर हसली. म्हातारे लोक आठवणींतली भोकं मिळेल त्या चिंधीनं बुजवतात, हे तिला ठाऊक होतं. घरी गेल्यावर मात्र मोरीत तिला पातेलं दिसलं. बुड काळंठिक्कर. काल आपण काय शिजवलं होतं, ते तिला काही केल्या आठवेना.

थकवा, ती मनाशी म्हणाली. पण ती शास्त्राची माणूस होती, पारखून घेतल्याशिवाय तिला चैन पडेना. संध्याकाळी समुद्रकाठी जाऊन तिनं काहीतरी केलं आणि कुणालाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीची डुलकी सरल्यावर तिनं विचारलं, "काका, काल मी काय केलं?"

विचारता विचारताच तिच्या लक्षात आलं, उत्तर बरोबर की चूक हे तिला कळणार नव्हतं. काल काय केलं, ते तिलाच आठवत नव्हतं.

"गाडीवरचं भाजलेलं रताळं खाल्लंत," काका म्हणाले. "घाई कसली ती? तोंड पोळलं की!"

सुहैरनं जीभ दातांवरून फिरवली. शेंडा चुरचुरत होता.

ती घाबरायला हवी होती. घाबरलीही, थोडी. पण त्याहून दांडगी होती ती दुसरीच गोष्ट. तिच्या संध्याकाळी कुणीतरी सांभाळून ठेवत होतं. किती वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं, दिवस कसा गेला म्हणून! आता ती घरी जाताना सगळं नीट निरखू लागली. मासळीवालीची शिवीगाळ, बाल्कनीत भांडणारं जोडपं, फेसाळून रस्त्यावर आलेली लाट. कुणासाठी खाऊ जमवावा तसं.

मग काकांनी विचारलं, "तुम्हाला आई आहे?"

"होती."

"मग सांगा की तिच्याबद्दल. तुमच्या त्या रोजच्या सारानं कंटाळलो मी."

आणि आजवर कुणाला न सांगितलेलं ती सांगून बसली. शेवटच्या आजारात आईनं तुती मागितल्या होत्या. मोसम संपलेला. सुहैर बाजारामागून बाजार पालथे घालत फिरली, मिळाल्या तेव्हा धावत आली. आई गेली होती. अंथरूण अजून कोमट होतं.

बोलणं संपलं आणि तिला आपली चूक उमगली. जुनी आठवण बाहेर काढली की ती पुन्हा कच्ची होते, पुन्हा नव्यानं मुरावी लागते. हे ती स्वतःच शिकवत असे.

काकांची मान कलली होती.

"काका, झोपू नका."

ती उठायला गेली. पाय जड झाले होते.

"ते नका घेऊ," ती म्हणाली. "बाकीचं सगळं घ्या."

ऊन खुर्चीवर आलं होतं. खिडकी खडखडत होती.

त्यांचा श्वास संथ होता. हळूहळू तिचाही झाला.

पुढे काकांची मुलगी नगवा त्यांना घरी न्यायला आली. निघताना तिनं सुहैरला दाराबाहेर बोलावलं.

"बाबा काल लहान पोरासारखे रडले हो. म्हणे आईला तुती हव्या होत्या, मला उशीर झाला. माझी आजी तर त्यांना जन्म देतानाच गेली."

"होतं असं," सुहैर समजावणीच्या सुरात म्हणाली. "मन गोष्टी रचतं. पण किती करुण, नाही?"

आत काका पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. तिला बघून त्यांचे डोळे भरून आले. ते तिचा हात बराच वेळ धरून बसले. का, ते तिला कळलं नाही.

इब्राहिमियातल्या घरी आल्यावर तिनं मागची खोली उघडली. पलंग, औषधाच्या बाटल्या, काळी ओढणी, लोकरीच्या सपाता. कुण्या भाडेकरूनं मागे टाकलेलं दिसत होतं. तिनं इमारतीचा राखणदार शहाता याला वर बोलावलं.

"हे सगळं गरजूंना देऊन टाका. उगीच जागा अडते."

शहाता उंबऱ्यातच थबकला. मग वाकून त्यानं सपाता उचलल्या, दोन्ही हातांनी छातीशी धरल्या.

"अल्ला तिला जन्नत देवो, डॉक्टरीणबाई."

"कुणाला?" सुहैरनं आपुलकीनं विचारलं.