जॉल कुठली?

"आता एक पाऊलही टाकणार नाही!" तेओने जाहीर केलं आणि तो मंदिराच्या पायरीवरच आडवा झाला.

"पाच ठिकाणांच्या फेरीतले चार शिक्के झालेत," ईसुल, त्याची मोठी बहीण, नकाशाच्या कार्डाने वारा घेत म्हणाली. "कॅथेड्रल, चर्च, हुतात्म्यांची टेकडी आणि हे मंदिर. फक्त ह्यांग्यो राहिलं."

"कन्फ्यूशियसची शाळा म्हणे! सुट्टीतही शाळेत जायचं?" ईसुलची मैत्रीण नारे कण्हली. ऑगस्टचं ऊन तिघांनाही पुरतं बाधलं होतं.

तेवढ्यात ईसुलचा फोन वाजला. आई होती.

"आजी सकाळी मधुमेहाची गोळी खाऊन निघालीय आणि जेवणाचा डबा घरीच! फोनही लागत नाही. 'जॉल, मग येते,' एवढाच मेसेज आहे. मी आणि मामा गाडीने मंदिरात येतोय."

"आई, आम्ही मंदिरातच आहोत. सगळीकडे फिरलो, आजी नाही इथे!"

"तुला काय कळतंय? जॉल लिहिलंय म्हणजे मंदिरच. तुम्ही घरी जा!" फोन बंद.

उपाशीपोटी गोळी घेतली की आजीला चक्कर येते. मागच्या वेळी ती बाजारात कोसळली होती.

"पण आजी तर दर रविवारी कॅथेड्रलला जाते," तेओ उठून बसला. "ती मंदिरात कशाला येईल?"

ईसुलने कपाळावर हात मारला. "अरे, जॉल म्हणजे मंदिर, तसं जमिनीला कपाळ टेकून केलेला नमस्कारही जॉलच की! आजी नमस्कार करायला गेलीय!"

"कुणाला?"

"कॅलेंडरवर आजच्या तारखेला तिने गोल केलाय. तिच्या जुन्या मास्तरांचा वाढदिवस! ते ह्यांग्योच्या मागेच राहतात."

"म्हणजे चालावंच लागणार," नारे म्हणाली आणि सगळ्यात आधी उठली.

पायाला फोड आलेले, तरी तिघं धावली. आई फोन उचलेना, म्हणून ईसुलने धावतच मेसेज टाकला. ह्यांग्योच्या मागच्या बोळात, भिंतीच्या सावलीत, आजी बसली होती. चेहरा पांढराफटक पडला होता.

"आजी! अगं, काय हे!" ईसुल रडवेली झाली.

"दार समोरच आहे गं," आजी पुटपुटली, "पण पाय उचलेनात."

तेओने दार बडवलं. आतून काठी टेकत मास्तर आले आणि तसेच मागे वळून तांदळाच्या गोड पेयाचा वाडगा घेऊन आले. आजी घोट घोट प्यायली. हळूहळू तिच्या गालांवर रंग आला.

आई आणि मामा घामाघूम होऊन पोचले तेव्हा आजी ओसरीवर टेकून बसली होती.

"आम्ही अख्खं मंदिर पालथं घातलं!" मामा धापा टाकत म्हणाला.

आईने ईसुलला जवळ ओढलं. "तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही. चुकलंच माझं. आज तुम्ही होतात म्हणून!"

"पोरं हुशार आहेत," मास्तर हसले. "हिला घरच्यांनी शाळेतून काढलं, तेव्हा याच ओसरीवर मी अक्षरं शिकवली. पुरं वाक्य लिहायला शिकवायचं मात्र राहून गेलं!"

सगळे हसले. आजी मात्र भिंतीला धरून उठू लागली.

"अगं बस ना, दमलीयेस!" आई म्हणाली.

"नमस्कार राहिलाय," आजी म्हणाली.

ईसुलने एका बाजूने धरलं, आईने दुसऱ्या. तिघीही एकदमच वाकल्या.