शिरोलीचा कीबोर्ड

संयोगिताचा हात त्या कीबोर्डवर पडला, तो केवळ तिच्या खोडीमुळे. दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय हाताळू नये, हे तिला आईनं शंभरदा सांगितलं होतं. पण वस्तूला बटणं असली की ही पोरगी आईचं सगळं विसरायची.

राजारामपुरीत अंबादासकाकांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात ती एक हेडफोन परत द्यायला आली होती. बाहेर श्रावणातली उघडझाप चालू होती. दुकानात धूळ नको म्हणून काका सगळ्यांना चपला दाराशीच काढायला लावत. ओल्या पावलांनी ती काउंटरशी गेली, तर तिथं टॉवेलवर काहीतरी राखाडी, जाडजूड धूड निजवलेलं. शेजारच्या कॉम्प्युटरला जोडलेलं. कीबोर्डच होता तो, पण पत्र्याचा नाही, प्लास्टिकचा नाही... अखंड धातूचा. तिनं एका हातानं उचलायला बघितलं आणि मनगटच वाकलं.

“काका, हा कीबोर्ड आहे की पाटा?”

“पाटाच समजा की,” मागून कुणीतरी म्हणालं. “फक्त वरवंटा मागू नका.”

तिनं वळून बघितलं. निळ्या शर्टावर काळ्या वाळूचे डाग, कपाळावर घाम, पायात कारखान्याचे जाड बूट. त्या बुटांच्या नाड्या सोडवण्यात अर्धा दिवस गेला असता म्हणून काकांनी त्याला एकट्याला सूट दिलेली दिसली. दिसायला... असो. दिसायला बरा होता. फारच बरा होता, असं तिनं कबूल करायला अजून वेळ होता.

“ह्यो उदयसिंह,” काका म्हणाले. “शिरोलीत ह्याच्या वडलांची फौंड्री हाय. पंपाचे पार्ट ओतत्यात. आणि ह्यो वाघ त्याच भट्टीतनं कीबोर्ड काढून आलाय. उदय, ही संयोगिता. ‘ठोकून बघू’वाली.”

त्याचे डोळे एकदम मोठे झाले. ‘ठोकून बघू’ हे तिचं चॅनेल. गेम खेळणाऱ्यांसाठी बाजारात येणारे माउस, कीबोर्ड, हेडफोन ती आठवडाभर वापरायची आणि शनिवारी काकांच्या दुकानातून लाइव्ह येऊन चांगलं-वाईट तोंडावर सांगायची. सांगली-साताऱ्यापर्यंतची पोरं तिनं ‘घ्या’ म्हटल्याशिवाय खिशात हात घालत नसत.

“एवढा जड कशाला?” तिनं विचारलं.

“गेम हरली की पोरं कीबोर्ड आपटत्यात. ह्यो आपटून बघा म्हणावं. टेबल फुटंल, ह्येला काय व्हायचं न्हाय.” तो पुढं झाला. “ह्यी कळ दाबून बघा. आवाज ऐका की.”

कळ दाखवायला त्यानं हात पुढं केला. तिचा तळहात धातूवर टेकलेला. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली... आणि एक बारीकशी शिरशिरी तळहातातून थेट कोपरापर्यंत गेली. मुंग्या आल्यागत. तिनं हात झटकन मागं घेतला.

“काय झालं?”

“काही नाही.”

पण झालं होतं. असलं काही होतं म्हणणाऱ्या मैत्रिणींना संयोगिता आजवर हसत आली होती. आता आपलेच कान तापलेत हे तिला कळलं आणि ती उगाचच केबल तपासू लागली.

“मॅडम,” तो अडखळत म्हणाला, “ह्येला तुम्ही... तपासाल?”

“तपासेन. पण माझे नियम आहेत. बनवणाऱ्याचा चहासुद्धा मी पीत नाही. आणि शनिवारी लाइव्हमध्ये बोलेपर्यंत निकाल कुणालाच सांगत नाही. बनवणाऱ्यालाही नाही. शेजारी बसायचं आणि ऐकायचं.”

“चालतंय की. आमच्यात बी तसंच हाय. खराब मालावर खडूची फुली पडली की मालकाच्या पोराचा तुकडा आसला तरी परत भट्टीत.”

हे तिला आवडलं. जरा जास्तच आवडलं.

कसबा बावड्यातल्या नव्या फ्लॅटमध्ये, आपल्या टेबलावर, तिनं त्या धुडाचा सगळ्या बाजूंनी छळ केला. भराभर कळा दाबल्या, रात्रंदिवस गेम खेळणाऱ्या पोरांसारख्या आदळल्या, चहा सांडून बघितला. कीबोर्ड हू का चू करेना. कळांचा आवाज तर असा गोड, की ती कारण नसताना टाइप करत बसायची. काय टाइप करायची, ते विचारू नका. एकदा स्क्रीनवर ‘उदयसिंह’ उमटलेलं बघून तिनं घाईनं पुसून टाकलं.

तो दोनदा घरी आला. पहिल्यांदा म्हणे जादा केबल द्यायची होती. दुसऱ्यांदा खालचे रबर बदलायचे होते. रबर चांगले होते. दोघांनाही ते माहीत होतं.

“चहा घेणार?” तिनं विचारलं.

“नियम?”

“मी तुमचा प्यायचा नाही, असा नियम आहे. तुम्ही माझा प्यायचा नाही असा कुठंय?”

“तसं असंल तर दोन कप चालत्याल.”

कप देताना बोटांना बोटं लागली. संयोगिता वाट बघत राहिली... काहीच झालं नाही. छातीत धडधड होती, पण कोपरापर्यंत जाणारी ती शिरशिरी नव्हती. शेवटी ती तपासनीसच. एकदा झालं ते पुन्हा होतं का, हे बघितल्याशिवाय तिला चैन पडेना. साखर हवी का म्हणून तिनं कप परत घेतला, परत दिला. तो बावरून बघत राहिला. काहीच नाही. दोन्ही वेळा तो गेल्यावर ती जिन्यात उभी राहिली, त्याच्या मोटरसायकलचा आवाज वळणापर्यंत ऐकत. मग पहिल्या दिवशी ते काय होतं?

याचं उत्तर शुक्रवारी मिळालं, आणि मिळालं नसतं तर बरं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

जुन्या कॉम्प्युटरवर कीबोर्ड कसा चालतो ते बघायला ती मंगळवार पेठेत विमलामावशीकडे गेली होती. घर जुनं, वायरिंग त्याहून जुनं. मावशी स्वयंपाकघरात. संयोगितानं अनवाणीच कीबोर्ड जोडला, तळहात टेकवला... आणि तीच शिरशिरी. तशीच्या तशी. खोलीत उदयसिंह नव्हता. उदयसिंह तेव्हा शिरोलीत होता.

तिनं मावशीच्या खणातून टेस्टर काढला. टोक कीबोर्डच्या कडेला लावलं. दांड्यातला इवलासा दिवा लाल पेटला.

कारण कळायला वेळ लागला नाही. मावशीच्या घराला अर्थिंगच नव्हतं. कॉम्प्युटरमधली थोडीशी गळकी वीज जमिनीत जायच्या ऐवजी रंगाचा थरही नसलेल्या त्या उघड्या धातूवर येत होती. त्यानं मरत कुणी नाही, पण हात टेकवून बसवत नाही. बावड्यातल्या नव्या फ्लॅटचं अर्थिंग चोख. आणि शिरोलीत? फौंड्रीत वीज जमिनीत नीट उतरावी म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यांना माणसं देवासारखं रोज पाणी घालतात. त्या बिचाऱ्याला तिथं कधी जाणवणारच नव्हतं. त्यात पायात बूट.

म्हणजे ते प्रेम नव्हतं. वायरिंग होतं. संयोगिताला आधी हसू आलं आणि मग एवढं रडू आलं की मावशी लाटणं घेऊनच बाहेर आली.

तिथून ती थेट काकांच्या दुकानात गेली. टेस्टर लावला. इथंही दिवा पेटला. काकांचा चेहरा उतरला.

“पोरी... तुला ठाऊक न्हाय. त्यानं सांगू नको म्हटलंतं, तुझ्यावर दबाव यील म्हणून. विजयसिंहांनी, त्याच्या वडलांनी, फौंड्रीतला एक कोपरा दिलाय त्याला. उद्या लाइव्हनंतर बुकिंग झालं तर कोपरा त्याचा. न्हाय झालं तर सोमवारपास्नं तिथं पंपाचं काम. दोन वरसं राबलाय गं ह्याच्यावर.”

संयोगितानं टेस्टर काउंटरवर ठेवला.

“मी काय म्हणतो,” काकांनी आवाज खाली आणला. “आजच्या आज वायरमन बोलवतो. दुकानाचं अर्थिंग नीट करून घेतो. उद्या दिवाच लागायचा न्हाय. तू खोटं बोलायचं न्हाईस, फक्त... टेस्टर काढू नको. झालं की!”

सोपं होतं. इतकं सोपं, की तिनं पुरतं अर्धं मिनिट ते करून टाकलं मनातल्या मनात. बुकिंग झालेलं, तो हसतोय, तिसऱ्यांदा रबर बदलायला येतोय...

“आणि मंगळवार पेठेतल्या घरांचं अर्थिंग कोण नीट करणार, काका?” ती म्हणाली. “वायरमनला बोलवू नका. उद्या संध्याकाळपर्यंत तरी.”

संध्याकाळी त्याचा फोन आला. “निकाल विचारत न्हाय मॅडम. एवढंच सांगा, जेवण जाईल का आज मला?”

नियम तिचाच होता. तो आज तिच्याच घशात अडकला. “जेवून घ्या,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिनं मात्र ताट तसंच सरकवलं.

शनिवारी दुपारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कॉलेजची पोरं काउंटरपर्यंत आलेली. उदयसिंह इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, बूट मात्र तेच. तो तिच्या शेजारी बसला आणि तिच्याकडं बघून हसला. तिला हसता आलं नाही. त्याचं हसू हळूहळू मावळलं.

कॅमेरा सुरू झाला. तिनं चांगलं ते सगळं सांगितलं, मनापासून सांगितलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. काकांनी बुकिंगसाठी पेन सरसावलं.

“आता राहिलेलं,” ती म्हणाली. तिनं टेस्टर हातात घेतला. “उदयसिंह, बूट काढा. मोजेही. आणि हात ठेवा यावर.”

तो गोंधळला, पण त्यानं काढले. थंड फरशीवर पाय टेकवून त्यानं तळहात ठेवला. क्षणभर काही नाही. मग त्याच्या भुवया आक्रसल्या. तिनं टेस्टर टेकवला. लाल दिवा कॅमेऱ्यात स्वच्छ दिसला.

तिनं समजावून सांगितलं. दोष अर्धा घरांचा, अर्धा या उघड्या धातूचा. “म्हणून आज हा घेऊ नका,” ती म्हणाली, आणि हे वाक्य संपेपर्यंत तिला त्याच्याकडं बघवलं नाही.

उदयसिंहनं हात उचलला, पुन्हा एकदा टेकवून बघितला.

“काका, बुकिंग राहू द्या.”

“आरं, पण कोपरा...”

“जाईल. कुणाच्या पोराला झिणझिण्या आल्यावर कोपरा घेऊन काय करू? वरनं जाड रंगाचा थर द्यावा लागंल. बघू, जागा मिळंल तिथं त्यो थर दीन.” मग तो तिच्याकडं वळला, आणि आता त्याच्या आवाजात दुखावलेपण होतं. “पर एक सांगा मॅडम. पहिल्या दिवशी तुम्ही हात झटकन मागं घेतला. मी बघितलं हुतं. म्हंजी तवाच कळलं हुतं तुम्हाला. मग आठवडाभर का बोलला न्हाईसा? निकालाचा नियम मला मान्य हाय. पर घरी बोलवून चहा पाजलासा, हसलासा... आन् मनात फुली मारून ठेवली हुती?”

कॅमेरा चालू होता. ‘खात्री करत होते’ असं म्हटलं असतं तर कुणी काही बोललं नसतं. शोभूनही दिसलं असतं. पण ते खोटं होतं, आणि ती ज्या खुर्चीत बसली होती तिथून ती आजवर खोटं बोलली नव्हती.

“मला कळलं नव्हतं,” ती म्हणाली. “झिणझिण्या आल्या, हे कळलं. पण मला वाटलं...”

“काय वाटलं?”

“मला वाटलं, त्या तुमच्यामुळं आल्या.”

काकांना एकदम काउंटरखाली काहीतरी शोधायचं आठवलं. एका पोरानं दुसऱ्याच्या तोंडावर हात दाबला.

“चूक माझी आहे,” ती कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली. चेहरा पेटलेला, पण शब्द थांबले नाहीत. “टेस्टर पहिल्याच दिवशी लावायला हवा होता. मी लावला नाही. मला जे वाटत होतं ते छान होतं, म्हणून मी कारण शोधलं नाही. हेही निकालात धरा.”

अनवाणी, हातात एक मोजा धरून उदयसिंह तसाच बसला होता.

“आन् टेस्टर लावल्यावर?” त्यानं अगदी हळू विचारलं. “तवा तर समजलं, माझ्यामुळं न्हवतं ते.”

“समजलं.”

“मग?”

“मग काय... तुम्ही घरी दोनदा आलात. तेव्हा झिणझिण्या वगैरे काही नव्हत्या. तरी तुम्ही गेल्यावर मी जिन्यात उभी राहायची. तुमच्या गाडीचा आवाज बंद होईपर्यंत.” तिनं टेस्टर खाली ठेवला. “त्याचं कारण कालपासून शोधतेय. दुसरं कुठलंच सापडत नाही.”

त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. त्यानं खाली बघितलं, मोजा बघितला, तो खिशात कोंबला. मग मान वर केली. आठवडाभर ‘मॅडम’ म्हणणाऱ्या माणसानं पहिल्यांदाच तिला नावानं हाक मारली.

“संयोगिता... ह्याच्या फुडचं मी लोकांम्होरं बोलायचो न्हाय. त्यो कॅमेरा बंद करा की.”

“न्हाय, न्हाय! राहू दे चालू!” सगळं दुकान ओरडलं. स्क्रीनवर कॉमेंटांची नुसती झुंबड उडाली होती. संयोगितानं हात लांब केला, आणि चॅनेल सुरू केल्यापासून पहिल्यांदाच निकाल अर्धवट ठेवून लाइव्ह बंद केलं.