आरसेघरातला अपशकुन

“ज्या हाताचा आरसा फुटला, त्या हातात दुकान देणार नाही,” म्हातारा आरसेवाला म्हणाला.

त्याची शिकाऊ मुलगी रडवेली झाली. संध्याकाळी तिला दुकानाची किल्ली मिळायची होती. तीन वाजता ती गिऱ्हाइकाकडून परतली, तर तिने घडवलेला आरसा भिंतीखाली पाच तुकड्यांत पडलेला. वर तुटकी दोरी. तशीच धावत जाऊन तिने ताईला आणलं.

ताई खासगी तपास करायची आणि तिचा धाकटा भाऊ पिशवी सांभाळायचा. लोक ताईचं कौतुक करत आणि याच्या पोटात दुखे.

“आरसे फार महाग होते तेव्हा नोकरांनी जपून पुसावेत म्हणून मालकांनीच ही अपशकुनाची भीती घातली, असं म्हणतात,” ताई म्हणाली.

“म्हणोत!” म्हातारा म्हणाला. “माझ्या गुरूंचा आरसा फुटला आणि दुकान बसलं.”

भावाने एक तुकडा उचलून कडेवर बोट फिरवलं.

“अहो, कापेल!” म्हाताऱ्याचा जावई ओरडला. बोटाला साधा ओरखडाही नव्हता.

“आपला हातच तसा आहे,” भाऊ ऐटीत म्हणाला. ताई त्याच्याकडे बघत राहिली.

“फुटल्याचा आवाज आला?” तिने म्हाताऱ्याला विचारलं.

“नाही बुवा. वर माडीवर आडवा झालो होतो, पण जागा होतो. मला मांजर चाललेलं कळतं.”

जावयाच्या बोटाला पट्टी होती. “काल काच कापायला गेलो नि बोट कापून घेतलं. सासरे अजून हसतायत. मला हे दुकान विकायचंय, लपवायचं काय त्यात? या दोघांची रोजची कटकट तरी मिटेल. काचेची धार बोथट करायला ती यंत्रावर कडा मारते, हा दगडाने.”

‘हा’ म्हणजे जुना कारागीर, वीस वर्षं इथेच राबलेला. त्याच्या टेबलावरचा दगड ओला होता.

“ओलाच असतो,” तो म्हणाला. “कापलेली काच कड मारल्याशिवाय खाली ठेवायची नाही, हा इथला पहिला धडा.”

“किल्ली तुम्हाला मिळावी, असं नाही वाटलं?”

“मला कोण विचारतंय?”

ताईने सगळ्यांना तुकड्यांभोवती बोलावलं.

“आरसा पडला असता तर वर आवाज गेला असता, जमिनीवर चुरा झाला असता. इथे चिमूटभरही नाही. म्हणजे कोणीतरी तो खाली उतरवून शांतपणे कापला आणि मग दोरी तोडली. जावयांना काच कापता येत नाही, त्यांचं बोटच साक्षीला आहे. आणि माझ्या भावाचं बोट का कापलं नाही? कडा मारलेल्या आहेत. हाताने, दगडाने, किंचित गोल. ही मुलगी यंत्राने मारते, आणि स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेईल?”

सगळे जुन्या कारागिराकडे वळले.

“वीस वर्षं!” त्याचा आवाज फाटला. “मी वीस वर्षं घासतोय आणि हिला तीन वर्षांत किल्ली? जळत होतो मी. रोज जळत होतो.”

“मग कडा का मारल्यात? सवयीने?”

“पहिली सवयीनेच मारली. मग ध्यानात आलं, तुकडे हीच उचलणार. उघड्या हातांनी. कितीदा सांगितलं, ऐकत नाही.”

म्हाताऱ्याने किल्ली मुलीच्या हातावर ठेवली. कारागीर पायताण शोधू लागला.

“दादा,” मुलगी खालमानेने म्हणाली, “राग आलाय तुमचा, खूप आलाय. पण उद्या या. अशी कड मला अजून येत नाही.”

आपल्या हाताचं असं कौतुक त्याला वीस वर्षं म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. तो दारातच बसला आणि लहान पोरासारखा रडला.

रस्त्यात भाऊ चार पावलं पुढेच चालत होता.

“तू बोट फिरवलं नसतंस तर मला सुचलं नसतं,” ताई म्हणाली.

“हे तिथे सगळ्यांसमोर म्हणायला काय झालं होतं?” तो फणकारला.

ताई थांबली, वळली आणि पुन्हा दुकानाकडे चालू लागली.

“कुठे निघालीस?”

“सांगून येते.”