होडीला लागला दम

होडीला कधी दम लागतो का? आमच्या ‘डुलकी’ला लागला. तोही खाडीच्या ऐन मधोमध, आणि तपासणीला आलेले केळुसकर साहेब आत बसलेले असताना!

डुलकी म्हणजे आम्हाला खाडीपलीकडच्या शाळेत नेणारी बोलकी होडी. तिची बॅटरी महाग पडते म्हणून ती बंदच होणार होती. ती बंद झाली की माझी रवानगी कणकवलीच्या वसतिगृहात. तिथे आई नाही, खाडी नाही, वर रोज दुधीची भाजी! म्हणून माझ्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, करवंटीचा कोळसा घालून स्वस्तातली जस्त-हवा बॅटरी (जस्त आणि हवेतला प्राणवायू यांच्यापासून वीज देणारी) बनवली होती. आज तिची परीक्षा होती. खरं तर माझीच.

“मला दम लागलाय,” डुलकी कुरकुरली आणि थांबली.

“करवंटीच्या कोळशावर होडी चालवायला निघालात! दुसरं काय होणार?” साहेब म्हणाले.

आबा भडकले. “कोळसा जाळत नाही हो आम्ही! तो उत्प्रेरक आहे (रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा, पण स्वतः न संपणारा पदार्थ).”

साहेबांना काही उमगलं नाही. मग आबांनी शेजारी बसलेल्या माझ्या कुंदाआत्याकडे बोट दाखवलं. “ही माझी लेक. पंचक्रोशीतली लग्नं जुळवते. प्राणवायूचे अणू जोडीने राहतात, एकमेकांचे हात घट्ट धरून. ते हात सुटल्याशिवाय जस्ताशी सोयरीक कशी होणार? उत्प्रेरक हात सोडवतो, सोयरीक जुळवतो, आणि आपल्याला वीज मिळते. तो मात्र होता तसाच राहतो, पुढचं स्थळ बघायला मोकळा!”

“आणि चार्जिंग करताना?” मी विचारलं.

“तेव्हा काडीमोड. प्राणवायू जस्ताला सोडून परत हवेत. तेही तोच घडवतो.”

“म्हणजे अगदी आत्याच!”

आत्याने माझा कान पिळला.

“याला प्लॅटिनम वापरतात, पण ते कुणाला परवडतंय?” आबा म्हणाले. “मी करवंटीच्या कोळशात थोडं लोह आणि नायट्रोजन बसवलं.”

“मग चालत का नाही?” साहेबांनी विचारलं. ओहोटी लागली होती आणि मला रडू यायला लागलं होतं.

तेवढ्यात माझी ट्यूब पेटली. दम कुणाला लागतो? ज्याला हवा मिळत नाही त्याला! मी धावत बॅटरीपाशी गेले. पाहते तर काय, डब्याच्या सगळ्या भोकांवर चिकटपट्टी, वरून प्लास्टिकचा कागद आणि त्याला रबर.

“आत्याऽऽ!”

“अगो, खाडीची हवा ही! उघडं ठेवलं तर सादळेल ना! कुरडयांच्या डब्याला नाही का आपण लावत?”

“कुरडया श्वास घेत नाहीत, आत्या!” मी सगळं ओरबाडून काढलं.

“हुश्श!” डुलकी म्हणाली आणि तुरुतुरु निघाली.

धक्क्यावर उतरताना साहेब म्हणाले, “होडी चालू राहील.” मी आबांच्या गळ्यातच पडले. गेली ती दुधीची भाजी! “आता करवंट्या गोळा कर,” आबा म्हणाले. “पुढे मच्छीमारांच्या होड्या, मग एस.टी.सुद्धा!”

आत्याचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ती साहेबांना न्याहाळत होती.

“साहेब,” तिने गोड आवाजात विचारलं, “तुमचं लग्न झालंय का हो?”

आता दम लागायची पाळी साहेबांची होती.