खंडाचं कारण

“फाईल मले दे, मी धरतो,” सासरे रुपराव म्हणाले आणि दिपालीच्या हातातला चहाचा कप बशीवर वाजला.

सासूबाईंना जाऊन तीन महिने झाले होते. तेव्हापासून मामाजी स्वतःहून कुठे निघाले नव्हते, आणि आज, पीएच.डी.च्या प्रवेशाचा शेवटचा दिवस असताना, नेमके तेच सोबत यायला तयार झाले होते... नवरा जितेंद्र सकाळीच मिहानमधल्या कंपनीत ड्युटीवर गेलेला. सासऱ्यांना ती नाही कसं म्हणणार?

त्या फाईलमध्ये सहा वर्षांपूर्वीचा एक कागद होता. तो फाडणं तिला कधी जमलं नाही, आणि दाखवणंही नाही. “सूनबाईचा पीएच.डी.ले नंबर नाही लागला, म्हणून घरी बसली,” असं मामाजी प्रत्येक पाहुण्याला सांगत आले होते, आणि ती दर वेळी पाण्याचे रिकामे ग्लास उचलून आत निघून जायची.

शिक्षणात खंड पडला की प्रवेशाला शपथपत्र लागतं. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे मजकूर तयारच होता. त्याने वाचून दाखवलं, “सदर कालावधीत मी घरी रिकामी होते. कोणतेही काम केले नाही.”

“रिकामी काहून?” मामाजींनी विचारलं.

“काका, सगळ्याईचं असंच राह्यते. एम.ए.ची मार्कशीट द्या.”

मामाजींनी फाईल उघडली. मार्कशीटला चिकटून तो कागदही बाहेर आला. दिपालीने हात पुढे केला, पण त्यांनी चष्मा लावला होता. निवड झाल्याचं पत्र. त्यावर तारीख होती... सासूबाईंना लकवा मारला, त्याच्या चौथ्या दिवसाची.

“नंबर लागला होता?”

“हो.”

“मंग काहून वं सांगतलं नाही?”

“सांगितलं असतं तर आईंना कळलं असतं, मामाजी. मग त्यांनी माझ्या हातचा घास घेतला नसता.”

मामाजींनी खांद्यावरचा दुपट्टा डोळ्यांना लावला. “अन् मी लोकाईले काय सांगत राहिलो...” सहा वर्षं दिपालीच्या छातीवर बसलेलं ओझं त्या अर्ध्या वाक्याने उतरलं.

मग ते टायपिस्टकडे वळले. “ते खोड. लिह... माझ्या बायकोले इनं सहा वर्षं घास भरवून जगवलं.”

“काका, शपथपत्र त्याईचं आहे. त्यात ‘माझी बायको’ कसं टाकू?”

दिपालीला हसू फुटलं. भरल्या डोळ्यांनी मामाजीही हसले. शेवटी कागदावर आलं, ‘सदर कालावधीत मी सासूबाईंची शुश्रूषा करीत होते.’ मामाजींनी ते दोनदा वाचायला लावलं.

दुपारी प्रवेशाची पावती घेऊन ती विद्यापीठातल्या विभागाबाहेर आली, तेव्हा मामाजी मांडीवर डबा घेऊन पायऱ्यांवर बसले होते. कानाला फोन होता, उमरेडच्या साळ्याला लावलेला.

“केशव, ऐकून राहिला ना गा? सूनबाईचा नंबर लागला... नाही, पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा. मागच्या खेपेलेबी लागला होता. मीच तुले चुकीचं सांगतलं.”

फोन ठेवून ते पुढचा नंबर शोधू लागले.

“आता कोणाला, मामाजी?”

“ज्याले ज्याले सांगतलं, त्याले.” त्यांनी डबा तिच्यापुढे सरकवला. “मले वेळ लागंन. तू जेवून घे.”