जिकडून हात दिसेल ती जागा

मी नंबर फिरवला आणि फोन माझ्या समोरच वाजला.

समोर म्हणजे अगदी टेबलाच्या पलीकडे, एका निळ्या शर्टाच्या खिशात. तो भरलेल्या फॉर्मांचा गठ्ठा द्यायला उभा होता. बुटांवर दिवसभराची धूळ, अंगठ्याला शाई. त्यानं फोन काढला, ऑफिसचा नंबर पाहिला, मग रिसीव्हर कानाला लावून बसलेल्या मला पाहिलं... आणि त्याच्या चेहऱ्याचा रंगच उतरला.

आमचं ऑफिस लोकांच्या आवडीनिवडी गोळा करायचं. घरात कोण कोण, प्रवास किती, तरुणपण कसं गेलं, सकाळी काय पिता, असे पन्नास प्रश्न घेऊन मुलं दारोदार फिरायची, आणि मी खुर्चीत बसून त्यांची पडताळणी करायची. दर दहातला एक फॉर्म उचलायचा, त्यावरच्या नंबरला फोन लावायचा, चार प्रश्न पुन्हा विचारायचे. जुळलं तर पास, नाही तर बाद. तीन बाद झाले की नोकरी गेली. मला सगळे चाळणी म्हणायचे, तोंडावरसुद्धा. त्याला टकटक म्हणायचे, कारण बेल असली तरी तो दार बोटांनीच वाजवायचा.

टकटकचे दोन आधीच बाद झाले होते.

माझ्यापुढे होता दोनशे चौदा नंबरचा फॉर्म. नाव भलत्याचंच, पत्ता कुठल्याशा तिसऱ्या मजल्यावरचा, आणि फोन नंबर त्याचा स्वतःचा. मी तेव्हाच रिसीव्हर ठेवायला हवा होता.

"चार प्रश्न आहेत," मी म्हणाले. "वेळ आहे का?"

त्यानं फोन कानाला लावला. "आहे. पण हळू विचारा. साहेब काचेच्या आड आहेत."

"चहा की कॉफी?"

"चहा. पण दुसऱ्यानं केलेला."

जुळलं.

"घरात तुमचं सगळ्यात जास्त कोण ऐकतं?"

"नळ. फिरवला की बंद होतो. तोही कधीकधीच."

फॉर्मवर तेच होतं. मी ओठ दाबून धरले. हसले असते तर माझी चाळणी तिथंच फाटली असती.

"प्रवासात कुठली जागा आवडते? खिडकीची, मधली, कुठलीही?"

तो थांबला. या प्रश्नाला त्यानं तिन्ही चौकोन सोडून समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं. ते वाचून सकाळपासून माझं कशात लक्ष नव्हतं.

"निरोपाला आलेल्या आईचा हात जिकडून दिसेल ती," तो म्हणाला. या वेळी फोनकडे न बघता, माझ्याकडे बघून.

"तरुणपणी करायचं काय राहून गेलं?"

"ते कोरं आहे."

"दिसतंय. का?"

"अजून वेळ गेलेली नाही, म्हणून."

मग त्यानं फोन खाली घेतला आणि काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. शेवटचा दिवस, शेवटचं घर. दार उघडलं तर आत माणसं जमिनीवर बसलेली, घरातले आजोबा त्याच दिवशी गेले होते. तिथं चहा की कॉफी विचारवेना. जिन्यात बसून त्यानं स्वतःचीच उत्तरं लिहिली. सारवासारव केली नाही, हात जोडले नाहीत. एवढंच म्हणाला, की पुढच्या महिन्यात आईला इकडे आणायचं आहे, खोली बघून ठेवली आहे. आणि हे आपण सांगायला नको होतं, असंही लगेच म्हणाला.

गठ्ठे शनिवारी दुपारी साहेबांकडे जायचे. मधे एक दिवस होता.

शुक्रवारी तो दोन कप चहा घेऊन आला, एक माझ्या टेबलावर ठेवला. मी म्हटलं, हा चालणार नाही. त्यावर तो दोन्ही कप स्वतःच प्यायला, एका हातातला एक आणि दुसऱ्यातला एक, आणि जाताना म्हणाला की उद्या काहीही झालं तरी आज रात्री झोप येणार नाही, ती तुमच्या चहामुळे. मी मान वर केली नाही. कान मात्र तापले होते.

घरी ताईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "एका फॉर्मानं काय आभाळ कोसळणार आहे? तू चूक शोधतेयस की नवरा, ते आधी ठरव."

"म्हणूनच तर," मी म्हटलं.

तिला कळलं नाही. मलाही धड कळलं नव्हतं. पण पास केला असता तर तो जन्मभर माझा उपकार घेऊन फिरला असता. तो हसला की मला वाटलं असतं, हा आभार मानतोय. आणि दुसरं एक होतं, जे मी ताईलाही सांगितलं नाही.

शनिवारी मी शिक्का मारला. बाद. शेऱ्याच्या जागी लिहिलं – उत्तरं खरी आहेत, नाव-पत्ता खोटा. घरात मयत झाल्यानं प्रश्न विचारले नाहीत. साहेबांनी शेरा दोनदा वाचला, हे काचेतून दिसलं. मग त्यांनी त्याला आत बोलावलं. आवाज येत नव्हता. तो फक्त मान हलवत होता. बाहेर आला, पिशवी उचलली आणि माझ्या टेबलापाशी थांबला. अख्ख्या ऑफिसातली टायपिंगची खडखड थांबली.

"चौथा कोराच राहिला," तो म्हणाला, आणि गेला.

पुढचे नऊ दिवस मी दिवसाला चाळीस फोन केले. त्यातला एकही त्याला नव्हता. त्याचा नंबर पाठ होता. सकाळी डबा भरताना, जिना चढताना, बसमध्ये उभी असताना बोटं आपोआप आकडे मोजायची. बसमध्ये जागा मिळाली तरी कुठं बसावं कळेना. मला निरोप द्यायला कोण येणार होतं...

दहाव्या दिवशी टेबलावरचा फोन वाजला.

"चार प्रश्न आहेत. वेळ आहे का?"

रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "आधी मला एक सांगायचंय."

"नियमात बसत नाही. पण सांगा."

"तुमचा फॉर्म दहातला नव्हता. दहावा दुसराच होता. मी तुमचा मुद्दाम उचलला. ते समासातलं वाचलं आणि... हे लिहिणाऱ्याचा आवाज ऐकावासा वाटला. मी नियमानं चालले असते तर तुमची नोकरी आज असती."

पंखा फिरत होता. मला वाटलं, ठेवला त्यानं फोन. आपल्या हातानं आपण दार लावून घेतलं.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "चाळणीलाही एक भोक मोठं आहे."

"रागावलात?"

"नोकरी गेली तेव्हा रागावलो होतो. तीन दिवस. चौथ्या दिवशी वाटलं, जी मुलगी माझा खोटा पत्ता चालवून घेत नाही, तिला खरा द्यावा. मग नोकरी शोधण्यात बाकीचे दिवस गेले. मिळाली, फिरतीची आहे. पत्ता लिहून घेता?"

मी पेन उचललं. टोपण काढायच्या घाईत ते दोनदा टेबलावर टकटक आपटलं. "सांगा."

"तुमच्या ऑफिसचा जिना. खालून दुसरी पायरी."

आवाज दोन ठिकाणांहून येत होता, कानातून आणि दारातून.

"आणि तुमचे चार प्रश्न?"

"तीन सोडा. चौथाच विचारतो. करायचं काय राहून..."

पुढचं मी जिन्यातच ऐकलं. रिसीव्हर टेबलावरून लोंबकळत होता. नंतर साहेबांनी त्याबद्दल मला लेखी खुलासा मागितला. तो मी आजतागायत दिलेला नाही.

सासूबाई इकडे ठरल्यापेक्षा दोन महिने उशिरा आल्या. आल्या दिवसापासून सगळ्यांना सांगतात, की सुनेनं माझ्या लेकाला आधी बाद केलं, मग पास केलं. चहा त्याच करतात, कारण त्यांच्या लेकाला दुसऱ्यानं केलेला लागतो आणि माझा त्यांना पसंत नाही.

त्याची फिरती चालूच आहे. दर सोमवारी सकाळी आम्ही तिघी त्याला सोडायला जातो. तो बसमध्ये चढतो, खिडकीची रिकामी जागा सोडून पुढे जातो, वाकून बघतो, मागे येतो, लोक वैतागतात. शेवटी एका जागी बसतो.

लेक अजून पाच महिन्यांची आहे. तिला हात हलवता येत नाही. मी तिची मिटलेली मूठ माझ्या हातात धरून उंच करते, शेजारी सासूबाईंचा हात असतोच. बस वळेपर्यंत मी खाली घेत नाही. त्याला नक्की कुठला दिसतो, हे मी अजून विचारलेलं नाही.