रिकाम्या टँकची वही

माझ्या लेकीच्या, दीक्षाच्या घरातली वरची खोली दुपारी दोनला तीस अंशांवर जाते. एसी चालू असतो तरीही. ॲरिझोनातल्या चँडलर गावात जुलैमध्ये बाहेर पंचेचाळीस असतं, अंगणात गवताऐवजी खडी असते आणि दाराची मूठ धरायला रुमाल लागतो. "नागपूरचा उन्हाळा कमी पडला म्हणून इथे आलीस का, आई?" असं दीक्षा मला पहिल्याच दिवशी म्हणाली.

ती वरची खोली माझ्या नातीची, केयाची. वय वर्षं आठ. शॉमबर्ग या आधीच्या गावाहून इथे राहायला आल्यापासून ती शाळेत कुणाशी बोलत नव्हती. घरीही मान हलवून भागवायची. सहा महिन्यांत तिने तोंड उघडून मागितलेली पहिली गोष्ट म्हणजे साप. दीक्षाने कपाळाला हात लावला. पण मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. मूल स्वतःहून काही विचारतं, तेव्हा नाही म्हणायचं नसतं. "आणू," मी म्हटलं. "पण नीट निवडून."

निवडायला आठवडा गेला. बॉल पायथन शांत, पण त्याला जरा दमट हवा लागते आणि इथे तर ओठ फुटतात. कॉर्न स्नेक पहिल्या सापाला चांगला, पण त्याला ठेवायच्या टँकची एक बाजू गार हवी, आणि या खोलीत ती गार राहीलच याची मला खात्री नव्हती. शेवटी रोझी बोआ ठरला. याच वाळवंटी मुलखातला, अडीच फुटांचा, सुस्त, सहसा न चावणारा. केया दोन दिवस त्याच्याबद्दल बोलत होती. दीक्षा स्वयंपाकघरात उभी राहून नुसती ऐकत होती.

साप आणण्याआधी टँक रिकामा चालवून तापमान पाहायचं असतं. दुकानवाल्या बाई म्हणाल्या, दोन-तीन दिवस पुरतात. मी चौदा म्हटलं. ती चूक माझी.

काचेचा टँक, वर चिमट्यांचं जाळीचं झाकण, खाली लाकडाचा भुसा. एका बाजूला खालून ऊब देणारी विजेची हीट मॅट. दुसऱ्या, गार बाजूला लपण्यासाठी मातीची अर्धी कुंडी आणि पाण्याची वाटी. केयाने वही केली. सकाळी आठ आणि दुपारी चार: गरम बाजू, गार बाजू, वाटीतलं पाणी. "साप आहे असं समजून सगळं करायचं," मी तिला शिकवलं. "आणि जे दिसेल तेच लिहायचं."

पहिले पाच दिवस पाणी रोज दहा मिलिलिटर कमी झालं. सहाव्या दिवशी वाटी कोरडी होती.

"कोरड्या हवेने उडालं असेल," मी म्हटलं. "पण असेल म्हणून चालत नाही. तपासायचं कसं?"

केयाने विचार केला आणि तशीच दुसरी वाटी तेवढंच पाणी घालून टँकशेजारी फळीवर ठेवली. मला तिचा फार अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी फळीवरचं पाणी दहा मिलिलिटर कमी झालं होतं. टँकमधली वाटी पुन्हा कोरडी. झाकणाचे चारही चिमटे लागलेले.

नवव्या दिवशी कुंडीखालचा भुसा गोल दबलेला होता. मी तो सारखा केला. चारला तो पुन्हा दबलेला होता, आणि मी बोट लावलं तर कोमट. गार बाजूला.

त्या रात्री जेवताना मी दीक्षाला सांगितलं. ती हसली. "आई, यार, तू आम्हाला लहानपणी स्मशानातून शाळेत न्यायचीस, भीती मोडावी म्हणून. आणि आता भुशाला घाबरतेस?"

ते खरं होतं. आमच्या घरात असल्या गोष्टींना कधीच जागा नव्हती.

बाराव्या दिवशी वहीत एक नवा रकाना दिसला. मूड. त्याखाली तीन दिवसांच्या नोंदी होत्या: मॅड. मॅड. व्हेरी मॅड.

"केया, टँक रिकामा आहे, बाळा."

"तूच म्हणालीस, दिसेल ते लिही."

"कुणाचा राग?"

"तुझा," ती म्हणाली. "तू त्याची जागा मोडलीस. ही डझन्ट लाइक यू, आजी."

मी वही मिटली. पण साप रद्द केला नाही. टँकमध्ये खरा साप आला की हे सगळं थांबेल, असं मला वाटलं. पोरीचं बोलणंही थांबायला नको होतं.

चौदाव्या दिवशी रोझी बोआ आणला. केयाच्या मनगटावर तो सबंध रस्ताभर शांत गुंडाळलेला होता. टँकमध्ये सोडताच तो मागे सरकला, काचेच्या कोपऱ्यात उभा राहिला आणि कुंडीच्या दिशेने डसू लागला. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. समोर काही नव्हतं. मी त्याला उचलायला हवं होतं. नव्या जागेला बिचकला असेल, असं मी केयाला समजावत बसले.

सकाळी तो मेलेला होता. काचेला लांबलचक चिकटलेला. मधला वीतभर भाग कागदासारखा सपाट झाला होता.

"बस झालं, आई," दीक्षा म्हणाली. "हा टँक आजच्या आज घराबाहेर जाईल."

मी हीट मॅटची वायर काढली. भुसा कचऱ्याच्या पिशवीत भरला, कुंडी फोडली, टँक बाहेर नेऊन टाकला. केया जिन्यात उभी राहून पाहत होती.

"आता तो कुठे जाईल?"

मी पिशवीला गाठ मारली.

त्यानंतर ती पुन्हा गप्प झाली. तीन दिवसांनी दुपारी दीक्षा ऑफिसात असताना मी तिला पाहायला वर गेले. खोलीत तीस अंश. पडदे ओढलेले.

केया भिंतीला पाठ लावून, अंग चोरून, एका कुशीवर पडली होती. डोळे उघडे होते.

"अशी का झोपलीस? मध्ये सरक."

"जागा नाही," ती पुटपुटली.

पलंगाच्या मधोमध गादी दबलेली होती. गोल, परातीएवढी. तिच्यावर काहीच नव्हतं.

मी हात पुढे केला. केयाने जोरात मान हलवली.

"मी त्याला पाणी देते. म्हणून तो मला काही करत नाही."

"केया, ऊठ. माझ्याकडे ये."

"तूच जा, आजी. प्लीज."

गादीतला खळगा सावकाश भरून वर आला. मग पलंगाची कड एका जागी दबली, आणि सुटली.

केयाची नजर कडेवरून जमिनीवर उतरली.

ती नजर फरशीवरून माझ्याकडे सरकत आली. माझ्या पावलांपाशी थांबली.

मग वर चढू लागली.